अमेरिकेत जास्त मतं मिळवणारा उमेदवार हरतो कसा? लोकांची मतं सरळ मोजून मोकळे का होत नाहीत?

प्रश्नाखाली तुम्ही दोन गोष्टी लिहिल्यात. एक म्हणजे २०१६ साली हिलरी क्लिंटन यांना २८ लाखांहून जास्त मतं अधिक पडली, तरी ट्रम्प अध्यक्ष झाले, हे तुम्हाला अजून पचलेलं नाही. दुसरी, ‘आपल्याकडे असलं काही खपवून घेतलं नसतं.’ दुसरीकडे नंतर वळते, कारण ती तितकीशी खरी नाही.

आधी माझं घर कुठे आहे ते सांगते. मी न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला राहते. गाडी काढली की अर्ध्या तासाच्या आत डेलावेअर नदी लागते आणि पूल ओलांडला की पेनसिल्व्हेनिया. माझी मावसबहीण त्या बाजूला राहते. २०२४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिच्या दाराची बेल थांबायला तयार नव्हती. दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते, रोज पोस्टाच्या पेटीत चार-सहा गुळगुळीत पत्रकं, फोन, मेसेज. शेवटी तिने दारावर चिठ्ठी लावली, ‘आमचं ठरलंय, बेल वाजवू नये.’ माझ्या दाराशी त्या दोन महिन्यांत पार्सलवाल्याशिवाय कुणी फिरकलं नाही. जाहिराती मात्र मला सगळ्या पाठ. आमच्या भागात टीव्हीवर फिलाडेल्फियाची स्थानिक केंद्रं दिसतात, त्यामुळे पेनसिल्व्हेनियाच्या मतदारांसाठी केलेला सगळा खर्च आम्ही फुकटात बघतो. पंगत शेजारच्या घरी आणि वास आमच्याकडे.

आम्ही दोघी एकाच देशाच्या नागरिक, एकाच दिवशी, एकाच पदासाठी मत देतो. पण न्यू जर्सी १९९२ पासून दर वेळी डेमोक्रॅटिक उमेदवाराच्या पारड्यात गेलेली आहे, म्हणजे ठरलेली. पेनसिल्व्हेनिया कुंपणावर बसलेली. तिला विचारणारे शंभर आणि मला विचारणारं कुणी नाही, ते यामुळे.

यंत्रणा थोडक्यात अशी. नोव्हेंबरात लोक मत देतात ते तांत्रिकदृष्ट्या उमेदवाराला नव्हे, तर आपल्या राज्यातल्या त्याच्या पक्षाच्या इलेक्टरांच्या, म्हणजे पुढे अध्यक्ष निवडणाऱ्या माणसांच्या यादीला. इथल्या संसदेची दोन सभागृहं, प्रतिनिधिगृह आणि सिनेट. प्रतिनिधिगृहातल्या लोकसंख्येनुसार ठरणाऱ्या जागा अधिक सिनेटच्या दोन, तितके इलेक्टर प्रत्येक राज्याला. राजधानी वॉशिंग्टनला १९६१ च्या २३व्या घटनादुरुस्तीने ३ मिळाले. एकूण ५३८, बहुमताला २७०. हे लोक डिसेंबरात आपापल्या राज्याच्या राजधानीत जमून मतं टाकतात आणि ६ जानेवारीला काँग्रेस, म्हणजे इथली संसद, ती मोजते. बहुतेक राज्यांत मतपत्रिकेवर त्यांची नावंही नसतात. माझ्या मताने निवडून आलेल्या इलेक्टरांपैकी एकाचंही नाव मला सांगता येणार नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. जवळपास प्रत्येक लेखात याचं एकच कारण दिलेलं असतं, की छोट्या राज्यांना जादा वजन मिळतं. वायोमिंगची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत पावणेसहा लाखांच्या आसपास आणि इलेक्टर ३. कॅलिफोर्निया सुमारे ३ कोटी ९५ लाख आणि इलेक्टर ५४. म्हणजे वायोमिंगमध्ये साधारण १ लाख ९२ हजार माणसांमागे एक आणि कॅलिफोर्नियात ७ लाख ३२ हजारांमागे एक. अन्याय आहेच. पण मला वाटतं, सगळा राग इथे ओतला की खरा चोर मागच्या दाराने निसटतो.

हिशेब करून बघा. सिनेटमुळे मिळणारे दोन-दोन इलेक्टर सगळ्यांचे काढून टाका. २००० साली लोकांची मतं अल गोर यांना जास्त पडली, पण अध्यक्ष झाले बुश. बुश यांना २७१ होते आणि राज्यं ३०, म्हणजे साठ वजा, उरले २११. अल गोर यांची २० राज्यं अधिक राजधानी. त्यांच्या वाट्याच्या २६७ मधून ४२ गेले, उरले २२५. गोर अध्यक्ष झाले असते. म्हणजे २००० पुरतं ते कारण बरोबर आहे. आता २०१६ घ्या. ट्रम्प यांनी जिंकलेले ३०६, त्यातून साठ गेले, उरले २४६. क्लिंटन यांचे २३२ मधून ४२ गेले, उरले १९०. तरीही ट्रम्पच. मग तुमच्या त्या २८ लाख मतांचं काय झालं?

ती सांडली ती दुसऱ्याच फटीतून. ४८ राज्यांत आणि राजधानीत नियम असा आहे की एका मतानेही पुढे असलात तर राज्याचे सगळे इलेक्टर तुमच्या खिशात. मागे पडलेल्याला शून्य, आणि पुढच्याने लाखांनी जिंकलं तरी जादा काही नाही. क्लिंटन यांना कॅलिफोर्नियात मतांचा डोंगर मिळाला, पण तिथे एका मताच्या आघाडीनेही तेवढंच पदरात पडलं असतं. उलट मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांत मिळून ट्रम्प यांची आघाडी ७८ हजारांच्या आत होती. तेवढ्यावर ४६ इलेक्टर त्यांचे झाले.

याची दुसरी बाजू डेमोक्रॅट मंडळी सहसा सांगत नाहीत. २०२० मध्ये ट्रम्प यांना देशात सर्वांत जास्त मतं कुठल्या राज्यात पडली? टेक्सास नाही, फ्लोरिडाही नाही. कॅलिफोर्नियात, ६० लाखांहून जास्त. आणि त्यांचे इलेक्टर किती? शून्य. ती ६० लाख माणसं आणि मी, आमची अवस्था सारखीच. त्याच वर्षी बायडेन देशभरात सुमारे ७० लाख मतांनी पुढे होते, पण ॲरिझोनात १०,४५७, जॉर्जियात ११,७७९ आणि विस्कॉन्सिनमध्ये २०,६८२ एवढ्याच फरकावर सगळं लटकलेलं होतं. ही तीन राज्यं उलटली असती तर २६९-२६९ अशी बरोबरी.

छोट्या राज्यांचं रक्षण होतं म्हणतात, तर उमेदवार वायोमिंगला जायला हवेत ना? जात नाहीत. २०२४ मधल्या सात कुंपणावरच्या राज्यांपैकी नेवाडा तेवढी छोटी म्हणता येईल, ६ इलेक्टरांची. बाकी पेनसिल्व्हेनिया १९, जॉर्जिया १६, नॉर्थ कॅरोलायना १६, मिशिगन १५. व्हरमाँट, ऱ्होड आयलंड, डकोटा, आयडाहो यांना कुणी हिंग लावून विचारत नाही.

आणि हा ‘जो पुढे त्याला सगळं’ नियम राज्यघटनेत नाही. घटना एवढंच म्हणते की इलेक्टर कसे नेमायचे ते राज्याच्या विधिमंडळाने ठरवावं. लोकांना विचारायलाच हवं असंसुद्धा म्हणत नाही! साउथ कॅरोलायनात १८६० पर्यंत आमदारच इलेक्टर निवडत होते. २००० च्या बुश-गोर खटल्यातही सर्वोच्च न्यायालयाने हे बोलून दाखवलं, की अध्यक्षाचे इलेक्टर निवडण्याचा घटनादत्त हक्क नागरिकाला नाही, विधिमंडळ देईल तेव्हाच तो मिळतो.

मग नियम आला कुठून? राजकारणातून. १७९६ साली जेफरसन ६८ विरुद्ध ७१ असे जॉन ॲडम्सकडून हरले. त्यांच्या स्वतःच्या व्हर्जिनियात तेव्हा जिल्हावार इलेक्टर निवडले जात, आणि तिथला एक ॲडम्सना गेला होता. १८०० च्या निवडणुकीआधी व्हर्जिनियाने जिल्हे मोडून सगळे इलेक्टर एकगठ्ठा केले, म्हणजे एकही निसटायला नको. ते बघून ॲडम्स यांच्या मॅसॅच्युसेट्सने लोकांकडून निवड काढून विधिमंडळाकडे घेतली. पुढे एकेक करत सगळी राज्यं एकगठ्ठा पद्धतीवर आली, कारण शेजारी गठ्ठा देतोय आणि आपण चिल्लर देतोय, हे कुठल्याच सत्ताधाऱ्याला परवडत नाही. मिशिगनमध्ये १८९२ च्या आधी डेमोक्रॅट सत्तेत आले, त्यांनी जिल्हावार पद्धत आणली आणि त्या राज्यातून पाच इलेक्टर काढले. सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं. रिपब्लिकन परत आल्यावर नियमही परतला.

आपल्या सरपंचांची आठवण झाली की नाही? २०१७ मध्ये थेट जनतेतून सरपंच, २०२० मध्ये सरकार बदललं तर पुन्हा सदस्यांमधून, २०२२ मध्ये पुन्हा सरकार बदललं तर पुन्हा थेट. दर वेळी भाषण लोकशाहीवर आणि डोळा पॅनेलच्या बेरजेवर. थेट सरपंच एका गटाचा आणि सदस्य दुसऱ्या गटाचे, मग ग्रामसभेत होणारी हाणामारी ज्यांनी पाहिली आहे त्यांना अमेरिकेचा इतिहास वेगळा शिकवावा लागत नाही.

आजही दोनच राज्यं वेगळी आहेत. मेन आणि नेब्रास्का. तिथे प्रत्येक काँग्रेस मतदारसंघाला एक इलेक्टर आणि राज्यभर जिंकणाऱ्याला दोन. नेब्रास्का पक्की रिपब्लिकन, पण ओमाहा शहराचा मतदारसंघ अधूनमधून दुसरीकडे जातो. २०२४ मध्ये तिथल्या अंगणांत नुसता निळा, म्हणजे डेमोक्रॅटांच्या रंगाचा ठिपका काढलेल्या पाट्या लागल्या होत्या, ना नाव ना चिन्ह. त्या एका ठिपक्यासाठी देश का खोळंबला? कारण डेमोक्रॅटिक उमेदवार कमला हॅरिस यांनी मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया घेऊन बाकी चारही गमावली असती तर ओमाहासकट त्यांचे बरोबर २७० झाले असते. ओमाहाशिवाय २६९. म्हणून सप्टेंबरात नेब्रास्काचा नियम बदलण्याचा जोर लागला. काही महिन्यांपूर्वीच डेमोक्रॅटिक पक्ष सोडून आलेला एक सदस्य ‘निवडणूक तोंडावर असताना नाही’ म्हणून अडून बसला आणि बेत फसला. मेनमधल्या डेमोक्रॅटांनी तोवर सांगून ठेवलंच होतं, की तुम्ही बदललात तर आम्हीही बदलू.

जन्मकथेचा एक भाग मात्र वगळता येत नाही. १७८७ च्या फिलाडेल्फियातल्या घटनापरिषदेत जेम्स विल्सन यांनी थेट लोकांकडून निवड सुचवली होती. मॅडिसन यांनाही तत्त्व पटत होतं, पण दक्षिणेतल्या गुलामांना मत नाही, त्यामुळे थेट मतदानात दक्षिणेचं वजन पडणार नाही, ही अडचण त्यांनी उघड बोलून दाखवली. इलेक्टर ठेवले की ती सुटत होती, कारण प्रतिनिधिगृहाच्या जागा मोजताना दर पाच गुलामांमागे तीन माणसं धरायची असं ठरलं होतं. माणसाला मत नाही, पण मालकाच्या राज्याच्या वजनात तो तीन पंचमांश. लांबचा देश, वाईट रस्ते, लोकांना उमेदवार माहीत नसणं ही कारणंही होती, पण हे कारण होतंच.

इलेक्टर ही हाडामांसाची माणसं, त्यामुळे आपल्या भाषेत सांगायचं तर मतं फुटतात. २०१६ मध्ये सात फुटली. वॉशिंग्टन राज्यातल्या तीन डेमोक्रॅटिक इलेक्टरांनी रिपब्लिकन कॉलिन पॉवेल यांना मत दिलं आणि चौथ्याने फेथ स्पॉटेड ईगल या आदिवासी कार्यकर्तीला. त्यांना दंड झाला, प्रकरण वर गेलं आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की राज्य त्यांच्यावर व्हिप चालवू शकतं. २००० मध्ये राजधानीच्या एका इलेक्टरने निषेध म्हणून मतपत्रिका कोरी ठेवली, म्हणून गोर यांची नोंद २६७ ऐवजी २६६ अशी दिसते. माझी आवडती गोष्ट २००४ च्या मिनेसोटाची. तिथल्या एकाने अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक उमेदवार जॉन केरी यांच्याऐवजी उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराचं, जॉन एडवर्ड्‌स यांचं नाव लिहिलं, तेही स्पेलिंग चुकवून. मतदान गुप्त असल्याने कुणी ते कळलंच नाही. आणि १८७२ मध्ये हरलेले होरेस ग्रीली निवडणुकीनंतर, पण इलेक्टरांनी मतं टाकण्याआधी वारले. त्यांची मतं वाट्टेल तिकडे विखुरली. तिघांनी तरीही त्यांनाच मत दिलं, काँग्रेसने ती मोजली नाहीत.

कुणालाच बहुमत नाही, तर निवड प्रतिनिधिगृहात जाते आणि तिथे प्रत्येक राज्याला एक मत. कॅलिफोर्निया एक, वायोमिंग एक. २६ मिळवा. १८२४ मध्ये अँड्र्यू जॅक्सन लोकांच्या मतांतही पुढे होते आणि इलेक्टरांतही, ९९ विरुद्ध ८४, आणि तरी प्रतिनिधिगृहाने जॉन क्विन्सी ॲडम्स यांना निवडलं. उपाध्यक्ष मात्र सिनेट निवडणार. त्यामुळे अध्यक्ष एका पक्षाचा आणि उपाध्यक्ष दुसऱ्याचा, हेही नियमात बसतं.

एवढं वाचून तुम्ही म्हणाल, मग मोडा की ही पद्धत. मीही थेट मतांच्याच बाजूची आहे, पण दोन आक्षेप मला झटकता येत नाहीत. पहिला म्हणजे, देशभरच्या मतांची बेरीज ही त्या खेळाची धावसंख्याच नाही. पाच कसोटींच्या मालिकेत हरलेल्या संघाच्या एकूण धावा जास्त निघू शकतात, पण धावांची बेरीज मोजणार असं आधी सांगितलं असतं तर दोन्ही कर्णधार वेगळे खेळले असते. न्यू जर्सीतले कितीतरी लोक ‘काय फरक पडतो’ म्हणून घरी बसतात. त्यांची मतं त्या बेरजेत नाहीत.

दुसरा आक्षेप मोजणीचा. इथे आपल्यासारखा निवडणूक आयोग नाही. प्रत्येक राज्य आणि त्याखाली प्रत्येक काउंटी, म्हणजे जिल्हा, आपापली निवडणूक घेते. २००० मध्ये फ्लोरिडात सुमारे ६० लाख मतांत फरक ५३७ चा. छिद्र पाडलेल्या मतपत्रिकेचा तुकडा लोंबतोय की पडलाय हे भिंग लावून बघणारे अधिकारी जगाने पाहिले. महिनाभर एका राज्यात जे झालं, ते देशभराच्या बेरजेत फरक थोडा निघाला तर पन्नासही राज्यांत करावं लागेल. १९६० मध्ये केनेडी आणि निक्सन यांच्यातला फरक सव्वा लाखाच्याही आत होता. त्यातही अलाबामात लोकांनी सुट्या इलेक्टरांना मतं दिली होती. निवडून आलेल्या ११ डेमोक्रॅटांपैकी पाच केनेडींचे आणि सहा कुणालाच न बांधलेले, ज्यांनी पुढे व्हर्जिनियाचे सिनेटर हॅरी बर्ड यांना मत दिलं. ती मतं कुणाच्या खात्यात धरायची? एका हिशेबाने केनेडी पुढे, दुसऱ्या हिशेबाने देशभरात निक्सन पुढे. ‘लोकांची मतं सरळ मोजा’ यातलं ‘सरळ’ इथे अडतं.

आता तुमचं दुसरं वाक्य. आपले राष्ट्रपती कसे निवडतात? मतदारमंडळातूनच. महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचं मूल्य १७५, गोव्याच्या २०, उत्तर प्रदेशच्या २०८, सिक्कीमच्या ७, आणि हा हिशेब आजही १९७१ च्या लोकसंख्येवर. फरक एवढाच की आपलं वजन लोकसंख्येच्या दिशेने झुकतं, त्यांचं उलटं. शिवाय राष्ट्रपतींकडे कारभार नसतो म्हणून कुणाला झोंबत नाही. झोंबायला हवं असेल तर २०१८ ची मध्य प्रदेश विधानसभा बघा. मतं भाजपला किंचित जास्त, ४१ टक्क्यांच्या आसपास, आणि जागा काँग्रेसला, ११४ विरुद्ध १०९. सरकार काँग्रेसचं आलं. ‘जास्त मतं घेणारा हरला’ असा आक्रोश किती दिवस चालला ते आठवून बघा.

मग बदल होईल का? घटनादुरुस्तीला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश आणि ३८ राज्यं लागतात. सर्वांत जवळ गेले होते ते १९६९ मध्ये. आदल्या वर्षी तिसऱ्या पक्षाचे उमेदवार जॉर्ज वॉलेस यांनी ४६ इलेक्टर पळवल्यामुळे दोन्ही पक्ष हादरले होते. थेट निवडणुकीची दुरुस्ती प्रतिनिधिगृहात ३३८ विरुद्ध ७० ने मंजूर झाली, निक्सन यांचाही पाठिंबा होता. पुढच्या वर्षी सिनेटमध्ये दक्षिणेतल्या आणि छोट्या राज्यांतल्या सदस्यांनी चर्चाच संपू दिली नाही आणि ती तिथेच मेली.

म्हणून आता आडवाट शोधली आहे, राज्याराज्यांतला करार. आमच्या राज्यात कुणीही जिंको, देशभरात ज्याला जास्त मतं त्याला आम्ही आमचे इलेक्टर देऊ, पण करारातल्या राज्यांची बेरीज २७० झाल्यावरच. २००७ मध्ये मेरीलँड पहिली, पाठोपाठ २००८ च्या जानेवारीत आमची न्यू जर्सी. २०२४ पर्यंत १७ राज्यं आणि राजधानी मिळून २०९ झाले. या सगळ्यांत २०२४ ला हॅरिस जिंकल्या, यावरूनच कळेल की उत्साह कुणाच्या बाजूला आहे.

आमच्या मराठी मंडळात एक काका आहेत. गेली कित्येक वर्षं दर दिवाळीच्या फराळाला या कराराची बाजू मांडतात, आणि मलाही तो त्यांच्याकडूनच कळला. २०२४ च्या निकालानंतर भेटले तेव्हा मी म्हटलं, ‘काका, करार आज लागू असता तर आपल्या न्यू जर्सीचे चौदाच्या चौदा इलेक्टर ट्रम्प यांना द्यावे लागले असते. या वेळी लोकांची मतं त्यांनाच जास्त आहेत.’ काकांनी चकलीचा तुकडा मोडला, बराच वेळ चावला आणि म्हणाले, ‘लागू व्हायची घाई नाही म्हणा काही.’